अवनीची चंद्रवही

ही १९९६ सालची गोष्ट आहे. त्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गातल्या अवनी निकम या मुलीची नजर जात होती, आणि आम्हा मोठ्या माणसांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. ध्यानात येण्यासारख्या जागी सगळ्यांत आधी मी होते.

माझे यजमान लक्ष्मीकांत बँकेत होते. त्यांची बदली लखनौला झाली तेव्हा आम्ही आलमबागेत दोन खोल्या घेतल्या आणि मी तेलीबागच्या एका खाजगी शाळेत नोकरी धरली. सकाळी टेम्पोत सहा जणांच्या जागेत नऊ जण बसून तेलीबागला जायचं, दुपारी तसंच परत यायचं. शाळा दुमजली, मैदान टीचभर. तेलीबागला फौजेतल्या लोकांची वस्ती पुष्कळ, त्यामुळे प्रत्येक वर्गात एखाददुसरं मराठी मूल असायचंच. अवनीचे वडील हवालदार होते, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. ती घरी मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. माझ्याशी बोलताना मात्र 'बाई' म्हणायची. बाकी सगळ्या वर्गाची मी 'मॅम' होते आणि त्या एका पोरीची 'बाई'. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पाचवीच्या विज्ञानात चंद्राचा धडा होता. पुस्तकात आठ गोलांची एक आकृती, कुठे काळी, कुठे पांढरी. मुलं ती पाठ करायची आणि परीक्षेत काढून मोकळी व्हायची. बाहेर आकाशात त्या आठांपैकी आज कुठला, असं विचारलं की सगळी वर छताकडे बघत बसायची. त्या वर्षी मी ठरवलं की हा धडा हातांनी शिकवायचा.

"चंद्र शिकवायला निशातगंजच्या बाजारात कशाला जायला हवं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"थर्माकोलचे गोळे हवेत. चाळीस."

"चाळीस चंद्र! त्या बिचाऱ्या गुरूकडेही एवढे नसतील."

गोळे आणले. घरातल्या विणायच्या सुया आणि शेजारणीकडच्या सुया मिळून एकेका गोळ्यात एकेक खोचली, उरलेल्यांना झाडूच्या काड्या. वर्गाच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि मधोमध, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, उघडा बल्ब लावला. बल्ब म्हणजे सूर्य, गोळा म्हणजे चंद्र, आणि तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून गोळा धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. बल्बकडे तोंड असलं की गोळ्याची आपल्याकडची बाजू काळी, ती अमावस्या. पाठ केली की गोळा अख्खा उजळतो, ती पौर्णिमा.

पहिल्याच फेरीत वीज गेली. लखनौची वीज ती. मग चपराशाकडून कंदील आणला, स्टुलावर स्टूल ठेवून त्यावर चढवला आणि सूर्य पुन्हा सुरू झाला. पौर्णिमेला सगळ्यांच्या डोक्याची सावली गोळ्यावर पडायला लागली तेव्हा रुबीना ओरडली, "मॅम, मेरे सर ने चाँद खा लिया!" रुबीना अवनीच्या बाकावर बसायची. भयंकर बोलकी मुलगी.

"हात ज़रा ऊपर उठाओ," मी म्हटलं. "तुम्हारा सर छोटा नहीं है."

त्या गोंधळात अवनी एका कोपऱ्यात सावकाश फिरत होती. तोंड जरा वळवलेलं, गोळा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावा तसा. मला वाटलं, उजेड टोचत असेल. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, डावीकडे फिरायचं ना? उजवीकडे फिरलं तर महिना उलटा होतो."

मी स्वतः फिरून पाहिलं. खरंच होतं. डावीकडे वळलं की आधी उजवी बाजू उजळते, आकाशात होते तशी. उजवीकडे वळलं की सगळं उलट. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. सबंध वर्ग उजवीकडे फिरत होता. मी सगळ्यांना थांबवलं आणि अवनीने सांगितलं तसं फिरायला लावलं.

त्यानंतर परातीत मैदा पसरून वर कोको भुरभुरवला आणि उंचावरून गोट्या टाकून चंद्रावरचे खड्डे केले. क्रीमची बिस्किटं चमच्याने खरवडून कला केल्या. तो दिवस चंद्र खाऊन संपवण्यातच गेला. आणि शेवटी मी चंद्रवही दिली. कोऱ्या कागदाची, शिवलेली, प्रत्येक पानावर दोन चौकटी. शुद्ध द्वितीयेपासून पुढच्या अमावस्येपर्यंत रोज चंद्र बघायचा, जसा दिसेल तसा काढायचा आणि खाली वेळ लिहायची. दसऱ्याची सुट्टी मध्ये येत होती, तेव्हा सगळ्यांना सवड होती.

सुट्टीनंतर वह्या तपासायला घेतल्या. कुणाचा चंद्र केळ्यासारखा, कुणाचा होडीसारखा, एकाने त्याला नाक-डोळेही काढले होते. अवनीच्या चौकटींत चंद्रच नव्हता. पेन्सिलने घासलेला राखाडी डाग, आणि डागाच्या मध्यभागी नुसता कोरा कागद. दोन-तीन चौकटींत तो डाग एकदम कडेला सरकलेला.

"हे काय आहे?" मी तिला टेबलापाशी बोलावून विचारलं.

"चंद्र."

"असा असतो का?"

ती म्हणाली, "सीधा देखो तो मिट जाता है, बाई. बाजूला बघितलं की येतो."

पुढच्या बाकांनी ऐकलं आणि हसू फुटलं. रुबीना म्हणाली, "मॅम, इसका चाँद शर्माता है. दुल्हन है, दुल्हन!"

मीही हसले. हे मला नीट आठवतं. नंतर कितीदा तरी मनाला समजावलं की मी फक्त तोंड फिरवलं होतं. पण नाही, मी हसले होते. मग लाल पेन घेऊन तिच्या पानावर हिंदीत लिहिलं: 'जो दिखे वही बनाओ.'

तिने तर जे दिसलं तेच काढलं होतं.

त्या दिवसापासून तिची वही देखणी झाली. प्रत्येक चौकटीत रेखीव चंद्र, रोज नेमका थोडा मोठा, पौर्णिमेला गोल, मग दुसऱ्या बाजूने नेमका थोडा लहान. मला बरं वाटलं. एक वाक्य लिहिलं आणि मूल सुधारलं, असं मनात आलं.

मग करवा चौथ आली. लखनौला त्या संध्याकाळी घरोघरच्या बायका नटूनथटून, हातात चाळण घेऊन गच्चीवर चंद्राची वाट बघत असतात. पोरं तर मधल्या भिंतींवर चढूनच बसतात, आधी मला दिसला म्हणून ओरडायला. त्याच दिवशी आपली संकष्टी असते. करवा चौथ आपण करत नाही, पण संकष्टीचा उपास मी करायची आणि चंद्रोदयावर सोडायची. घरी आपलं मराठी कॅलेंडर भिंतीवर होतं, दर दिवाळीत मिरजेहून माझा भाऊ पाठवायचा. त्यात संकष्टीच्या दिवसाखाली चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती वेळ मुंबईची. लखनौ मुंबईच्या पुष्कळ पूर्वेला, तिथे चंद्र अर्धा-पाऊण तास आधीच वर येतो. आमच्या पहिल्या वर्षी मी कॅलेंडरावर विसंबून उपाशी बसले होते आणि बाहेर गच्चीवर आले तर चंद्र चांगला दोन बांबू वर चढलेला. आमचे हे हसून लोटपोट. "गणपतीला सांग, बदली झाली म्हणून." तेव्हापासून मी ती वेळ बघणं सोडलं होतं. पण दर महिन्याला ती नजरेखालून जायचीच.

करवा चौथच्या दुसऱ्या दिवशी मी वह्या पाहिल्या. आठ वाजून आठ मिनिटं. आठ दहा. आठ बारा. ज्याच्या घरी चंद्र शेजारच्या पाण्याच्या टाकीमागून यायचा त्या एकाची आठ वीस. घरोघरी आई-आजी वाट बघत होत्या, चुकणार कुठून? आणि अवनीच्या चौकटीखाली, सुबक अक्षरात: आठ बावन्न.

आठ बावन्न हा आकडा सबंध लखनौमध्ये फक्त भिंतीवर टांगलेल्या मराठी कॅलेंडरात होता. तो माझ्या स्वयंपाकघरात होता, आणि निकमांच्या घरात होता. दुसऱ्या कुठल्याही बाईने ही चोरी पकडली नसती. मी पकडली.

मला फार राग आला. मुलं नक्कल करतातच, त्याचा एवढा राग कधी येत नसे. पण ही आपली मुलगी, मला बाई म्हणणारी, आणि आपल्याच कॅलेंडरावरून मला फसवते आहे, असं काहीतरी डोक्यात गेलं. मी तिला उभं केलं.

"ये टाइम कहाँ से लिखा?"

तिने वहीचा कोपरा दुमडला.

"कॅलेंडर से?"

"हाँ, बाई."

"कल चाँद देखा था?"

"नहीं."

"आणि ही बाकीची सगळी चित्रं?"

तिने माझ्या खांद्याकडे कुठेतरी बघत मान हलवली. माझ्याकडे बघतसुद्धा नाही, म्हणून मला आणखीच राग आला. मी सगळ्या पानांवर लाल तिरपी रेघ मारली आणि वडिलांना चिठ्ठी लिहिली: 'आपली मुलगी न पाहता खोटं लिहिते. कृपया लक्ष द्यावे.' मराठीत लिहिली, म्हणजे त्यांना आपुलकी वाटेल.

दुसऱ्याच दिवशी संग्राम निकम शाळेत आले. उंच, पिळदार, बूट आरशासारखे. माझ्यासमोर ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"मॅडम, अभ्यासात मागं पडली तर मी एक बोललो नसतो. पण खोटं म्हणजे आमचं नाव गेलं."

"लहान आहे, समजावून सांगा," मी म्हटलं.

"सांगतो की. बघाच तुम्ही."

मी समाधानाने वर्गावर गेले. पुढचे तीन-चार दिवस अवनी बाकावर पेंगत होती, तेही मी पाहिलं आणि दिवाळी जवळ आली म्हणून जागत असेल असं धरून चालले.

मग एका दुपारी तिची आई मालिनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात रिकामी पिशवी. मी आत बोलावलं तर येईना, म्हणून मीच बाहेर गेले.

"बाई, राग येणार नसंल तर एक बोलू?"

"बोला ना."

"पोरगी खोटं बोलत नसंल असं वाटतंय मला. तुम्ही जरा बघा की तिला. ह्यांनी रोज गच्चीवर उभी केलीया. म्हणतात, चंद्र बघायचा, मला सांगायचं कसा हाय, मगच खाली यायचं. आता तो बी रोज उशिरा उगवतोय. परवा अकरा, काल बारा. थंडी पडाय लागली. ती म्हणती, दिसत न्हाई. हे म्हणतात, एवढा ढळढळीत चंद्र दिसत न्हाई व्हय? काल शेवटी तिनं सांगितलं, दिसला, असा असा हाय. अगदी बराबर सांगितलं. हे म्हणाले, बघ, आलं का नाय ताळ्यावर."

"मग?"

"मग काय, बाई. ती तोंड केलेल्या बाजूला चंद्र नव्हताच. पाण्याच्या टाकीमागं होता. मी बघत होते ना जिन्यातनं."

मालिनीला आता थांबता येईना. तांदूळ निवडायला दिले तर खडे तसेच राहतात. सुईत दोरा ओवत नाही. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळसुद्धा मलाच वाचायला लावली. बोलताना माझ्या तोंडाकडं न बघता कानाकडं बघते. उन्हाळ्यात चष्मा केला होता, दुकानदाराने नंबर काढून दिला, पण त्याने काही फरक नाही, तेव्हा वडील म्हणाले फॅशन करायची आहे हिला, आणि चष्मा कपाटात गेला.

"त्यांना हे सांगितलं नाहीत?"

"माझं कोण ऐकतंय? म्हणतात, मॅडमनी लिहून दिलंय. शिकलेली बाई हाय, उगं लिहील का?"

शाळा सुटल्यावर मी अवनीला थांबवून घेतलं. रुबीनाही थांबली, तिला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. मी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि अवनीला वाचायला सांगितला. तिने रुबीनाकडे पाहिलं.

"बता दूँ, मॅम?" रुबीना म्हणाली. "मैं ही तो बताती हूँ. जुलाई से. बोर्ड का सब मैं पढ़ती हूँ, ये मुझे गुणा-भाग बता देती है."

"मुझे क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा ही नहीं."

मी थर्माकोलचा एक गोळा घेतला आणि हात लांब करून अवनीसमोर धरला. कुठे आहे विचारलं. तिने बोट बरोबर दाखवलं. मग पेन्सिलच्या टोकाएवढा काळा ठिपका गोळ्यावर काढला आणि विचारलं, यावर काय आहे? ती सरळ बघत राहिली, मग मान कलती केली, मग दुसरीकडे कलती केली, जशी चिमणी दाण्याकडे बघते. तिचा चेहरा अगदी गंभीर होता. तिला बरोबर उत्तर द्यायचं होतं. शेवटी म्हणाली, "बाई, आत्ता होतं. गेलं."

आठवड्याभराने मालिनीबरोबर मी तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. संग्राम निकमांना सुट्टी मिळाली नाही, किंवा त्यांनी ती मागितली नाही. डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं, मग तरुण डॉक्टरांनी पाहिलं, त्यांनी मोठ्यांना बोलावलं, मोठ्यांनी आणखी दोघांना बोलावलं. सगळे वाकून बघत होते आणि आपसात इंग्रजीत बोलत होते. मग मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. जन्मतःच ठरलेलं असतं, या वयात दिसायला लागतं. कडेचं दिसत राहील, समोरचं जात जाईल. वाचणं, माणसांचे चेहरे, सुईदोरा, हे सगळं समोरचंच असतं.

"चश्मा?" मालिनीने विचारलं.

"नहीं."

"ऑपरेशन?"

"नहीं, बहन जी."

मालिनीने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली बाई, म्हणजे माझ्याजवळ आणखी एखादा प्रश्न असेल, ज्याचं उत्तर 'हो' येईल. मी विचारलं, "छह महीने पहले ले आते तो?"

"तब भी मैं यही कहता," डॉक्टर म्हणाले.

पुष्कळ वर्षं मी ते वाक्य जपून ठेवलं. माझ्यामुळे तिच्या डोळ्यांचं काही बिघडलं नाही, हे त्याने सिद्ध होत होतं. पण गच्चीवरच्या त्या रात्रींबद्दल मी डॉक्टरांना काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही काही सांगितलं नव्हतं.

अवनी बाकावर बसली होती. थेंबांमुळे डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, सगळंच धूसर. आम्ही आल्याचं पावलांवरून ओळखून तिने विचारलं, "बाई, चंद्राच्या वहीचे मेरे नंबर कटेंगे?"

"नाही गं. पूर्ण देणार आहे मी. दहापैकी दहा."

"लेकिन मैंने देखा तो नहीं था," ती म्हणाली.

रात्री घरी येऊन मी ती वही काढली. कॅलेंडरात फक्त अमावस्या, पौर्णिमा आणि संकष्टीची वेळ असते. मधल्या दिवसांचा चंद्र कसा असतो ते नसतं. ते सगळे चंद्र तिने स्वतः काढले होते, दिवस मोजून, आणि त्या दिवशी वर्गात कंदिलासमोर डावीकडे फिरत जे समजून घेतलं त्यावरून. एकही चुकला नव्हता. चाळीस मुलांत धडा जिला खऱ्या अर्थाने समजला होता, तिच्या पानापानावर माझी लाल रेघ होती. मी खोडरबराने ती घासत बसले. शाई ती, कागद फाटला.

"राहू दे आता," आमचे हे म्हणाले. "झोप."

दिवाळीनंतर एका रविवारी संग्राम निकम आमच्या घरी आले. साध्या कपड्यांत ते मला ओळखूच आले नाहीत. ह्यांनी पाणी दिलं, ते हातात धरून बसले.

"गावाकडं एक वैद्य आहे म्हणतात," ते म्हणाले. "पुण्यात पण दाखवतो. फौजेचं हॉस्पिटल आहे."

"अवश्य दाखवा," हे म्हणाले.

"सगळे तेच सांगत्यात."

मग पेला खाली ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं, मॅडम. न पाहता खोटं लिहिते. मी ती चिठ्ठी तिला मोठ्यानं वाचायला लावली होती. ती म्हणाली, अक्षर दिसत नाही. मी म्हटलं, आता चिठ्ठीचं पण नाटक का?"

मला क्षमा मागायची होती. पण ते स्वतःला बोलत होते का मला, हेच कळेना, आणि मध्ये शिरायची हिंमत झाली नाही. ते उठले, ह्यांना नमस्कार केला आणि गेले. पाणी तसंच राहिलं होतं.

त्यानंतर जे माझ्या हातात होतं ते केलं. तिच्यासाठी जाड पेनने मोठ्या अक्षरांत टिपणं लिहिली. ती कागद डोळ्याच्या कडेला धरून एकेक अक्षर वाचायची, एक ओळ वाचायला रुबीनाच्या एका पानाएवढा वेळ लागायचा. सहामाहीला मी तिचे पेपर तोंडी घेतले. ती वर्गात पाचवी आली. मग आमच्या मुख्याध्यापिका विनीता मॅडमनी मला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

"वसुधा जी, दूसरे माँ-बाप पूछ रहे हैं. उनके बच्चों का भी ज़ुबानी लीजिए, वो भी पाँचवें आ जाएँगे."

"उसको दिखता नहीं है, मॅडम."

"वही तो. ये स्कूल उसके लिए नहीं है. आगे छठी में भूगोल है, ज्यामिति है. कौन पढ़ाएगा? आप?"

"हाँ, मैं."

"और जब आपके साहब का ट्रांसफर हो जाएगा?"

ह्यांची बदली येणार अशी कुणकुण होतीच. मी म्हणाले, तोवर तरी. त्या म्हणाल्या, वार्षिक परीक्षेपर्यंत. मार्चमध्ये तिला पास केलं आणि त्याच निकालाबरोबर दाखला हातात दिला. मी राजीनामा देईन असं घरी म्हणाले होते. दिला नाही. एप्रिलमध्ये पाचवीची नवी मुलं आली आणि मी त्यांना पहिला धडा शिकवला.

दाखला घ्यायला मालिनी एकटीच आली होती. अवनी फाटकाशी उभी होती. रुबीनाने तिच्या गळ्यात हात टाकला आणि दोघी काहीतरी खिदळत होत्या. मी जवळ गेले. अवनीने माझ्या कानाकडे बघत विचारलं, "बाई, तुम्ही आज निळी साडी नेसलात?" साडी हिरवी होती. मी हो म्हटलं.

त्या उन्हाळ्यात निकमांची बदली जोधपूरला झाली. संग्राम निकम पुढे पाच वर्षांनी निवृत्त होऊन गावी आले. मुलीला घेऊन कुठेकुठे फिरले, वैद्य झाले, देवऋषी झाले, मग थकले. निवृत्तीनंतर सातव्या वर्षी शेतातच हृदयविकाराने गेले. मालिनी अजून आहे. तिने मला एकूण तीन पत्रं लिहिली, शेवटचं त्यांच्या जाण्याचं. त्यांनी अवनीवर पुन्हा कधी आवाज चढवला नाही, एवढं त्यात लिहिलं होतं.

रुबीनाचं लग्न कानपूरला झालं. तिला दोन मुलगे आहेत. ती मला ईदला फोन करते आणि अर्धा तास एकटीच बोलते. अवनीचं नाव तिने एकदाच काढलं, आणि मग आम्ही दुसरं काही बोलू लागलो.

विनीता मॅडमनी ती शाळा बारावीपर्यंत वाढवली. त्यांच्या निरोप समारंभाला मला निमंत्रण आलं होतं, मी गेले नाही. आमची बदली अठ्ठ्याण्णव साली नागपूरला झाली. लक्ष्मीकांत जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी मुलाकडे पुण्यात असते. लखनौ सोडल्यापासून मी कुठल्याही शाळेत शिकवलं नाही.

अवनी पुण्याच्या अंध मुलींच्या शाळेत शिकली, मग बी. ए. झाली. साताऱ्याला एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे. लग्न केलं नाही, आई तिच्याजवळ असते. मालिनीच्या त्या शेवटच्या पत्रात कचेरीचा नंबर होता. मी तो दोन वर्षं ठेवून दिला आणि मग एका सकाळी लावला.

"नमस्कार, बोला," पलीकडून आवाज आला. मोकळा, घाईतला, अगदी शुद्ध मराठी. मी ओळखला नसता.

मी काही बोलेना, तेव्हा तिने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

माझ्या तोंडून नाव निघालं नाही. मी म्हटलं, आस्थापना विभाग.

"जोडते," ती म्हणाली, आणि जोडून दिलं.